एका आमदाराचं ‘नाही’ आणि मागे उभी असलेली गावं

(जानेवारी १९९४ च्या कार्यकर्ता शिबिरात तरुण साथींच्या वतीनं केलेलं भाषण. ज्या पाड्यांवरून शिबिराला कोणी येऊ शकलं नाही, त्यांनी रात्रीच्या बैठकीत हे मोठ्यानं वाचून घ्यावं.)



काल रात्री शेकोटीजवळ भांडण झालं ते तुम्ही ऐकलंच. पुढच्या वर्षी विधानसभेची निवडणूक आहे. काही साथी म्हणाले, मतच द्यायचं नाही. आमदार निवडून जातो, मुंबईला बसतो आणि पाड्याची वाट विसरतो. दुसरे म्हणाले, असं कसं? आमदार आपल्या समाजाचा आहे, त्याच्याकडे जाऊ, हात जोडू, तोच जमिनीचा पट्टा मिळवून देईल. आम्हाला दोन्ही बाजूंचं पूर्ण पटलं नाही. का पटलं नाही, ते सांगायला आम्ही उभे आहोत.

आधी आपलाच अनुभव आठवू. मागच्या वर्षी आपण चार गावांचे अर्ज घेऊन आमदारांकडे गेलो होतो. बायकांनी लेकरं पाठीला बांधली, म्हाताऱ्यांनी वनखात्याच्या जुन्या दंडाच्या पावत्या फडक्यात गुंडाळून आणल्या. दोन दिवस चाललो. आमदारसाहेबांनी चहा पाजला, अर्जावर ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असा शेरा मारला आणि सही केली. आपण खूश होऊन परत आलो. तो अर्ज तालुक्याला गेला, तालुक्यातून वनखात्याला गेला, आणि शेवटी कोणाच्या हातात आला? ज्याच्या विरुद्ध तक्रार होती त्याच नाकेदाराच्या. त्यानं तो अर्ज आपल्याला दाखवून विचारलं, हा तुमचाच ना? आणि पावसाळ्याआधी पुन्हा दंड फाडला.

तेव्हापासून आम्हाला प्रश्न पडला होता, आमदाराचं काम तरी काय? शेरा मारणं एवढंच? मग दिवाळीनंतर शहरातल्या एका साथीनं कॅनडा देशातल्या आदिवासींची हकिकत वाचून मराठीत सांगितली. आम्ही पहाटेपर्यंत प्रश्न विचारत बसलो. तीच हकिकत आज सांगतो. त्यात एक आदिवासी आमदार आहे. त्यांचं नाव एलिजा हार्पर. आम्ही आपसात त्यांना एलिजाभाऊच म्हणतो.

कॅनडा अमेरिकेच्या वर आहे, उत्तरेला. देश प्रचंड, माणसं थोडी. त्याचे दहा प्रांत, जशी आपली राज्यं. त्यातल्या मॅनिटोबा प्रांताची राजधानी विनिपेग, ती दक्षिणेला. शेती, कारखाने, मोठे रस्ते सगळे दक्षिणेला. उत्तरेला जंगल, नद्या आणि तलाव, आणि त्यांच्या काठी आदिवासींची लहान लहान गावं. एलिजाभाऊंचं गाव रेड सकर लेक. ‘सकर’ हा तिथला एक मासा, त्याच्यावरून तलावाचं नाव आणि तलावावरून गावाचं. तिथं बारमाही रस्ता नाही. थंडीत तलाव आणि दलदल गोठून दगडासारखी झाली की बर्फावरून गाड्या जातात. उन्हाळ्यात तो रस्ता वितळून जातो. मग लहान विमान, नाहीतर होडी. आपल्याकडे पावसाळ्यात नाले भरले की अडलेल्या बाईला झोळीत घालून डोंगर उतरावा लागतो. त्यांच्याकडे विमान येईपर्यंत वाट बघावी लागते. दूरच्या गावाचं दुखणं सगळीकडे सारखंच.

आता एक गंमत ऐका. एलिजाभाऊंच्या मतदारसंघाचं नाव होतं रुपर्ट्सलँड. हे नाव आलं एका राजपुत्रावरून. १६७० साली इंग्लंडच्या चार्ल्स राजानं, दुसरा चार्ल्स म्हणतात त्याला, हडसन उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचा मुलूख हडसन बे नावाच्या एका कंपनीला देऊन टाकला. राजानं तो मुलूख पाहिलेला नव्हता. तिथं राहणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. आणि हाच तो राजा, ज्यानं १६६८ साली मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला दिलं. म्हणजे त्यांच्या जंगलाचा आणि आपल्या मुंबईचा कागद एकाच हातानं, दोन वर्षांच्या अंतरानं लिहिला. पुढे कंपनीनं तीन लाख पौंड घेऊन तो सगळा मुलूख कॅनडा सरकारच्या ताब्यात दिला. तेव्हाही तिथल्या माणसांना विचारलं नाही.

मग सरकारनं आदिवासींशी करार केले. मॅनिटोबाच्या उत्तरेकडच्या बऱ्याच गावांना १८७५ सालचा पाचव्या क्रमांकाचा करार लागू आहे. पाच माणसांच्या कुटुंबामागे १६० एकर जमीन राखीव, माणशी वर्षाला पाच डॉलर. बाकीचा मुलूख सरकारचा. ते पाच डॉलर आजही पाचच आहेत. १९२७ साली तर असा कायदा केला, की जमिनीचा दावा लढवायला आदिवासींकडून सरकारच्या परवानगीशिवाय पैसे गोळा करणं गुन्हा. म्हणजे ज्याच्याशी भांडण, त्याच्याच परवानगीनं वकील लावायचा. हे कलम १९५१ पर्यंत होतं. आणि मत? आपल्या आजोबांनी १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत मत टाकलं. कॅनडातल्या करारातल्या आदिवासींना देशाच्या संसदेसाठी सरसकट मत मिळालं १९६० साली. त्याआधी बहुतेकांना मत पाहिजे तर आदिवासी म्हणून असलेला हक्क सोडावा लागे.

अशा ठिकाणी १९४९ साली एलिजाभाऊ जन्मले. लहानपणीच सरकारी धोरणानं त्यांना घरापासून लांब निवासी शाळेत नेलं. या शाळा पोरांना त्यांची बोली आणि रीतभात विसरायला लावण्यासाठीच चालवलेल्या होत्या. पुढे ते विद्यापीठात थोडं शिकले आणि गावी परत आले. १९७८ साली, तिशी गाठायच्या आत, गावानं त्यांना मुखिया निवडलं. १९८१ साली ते आमदार झाले. मॅनिटोबाच्या विधानसभेत करारातल्या आदिवासींपैकी निवडून गेलेले ते पहिले. पुढे काही काळ उत्तर भागाच्या खात्याचे मंत्रीही होते. पण ज्या गोष्टीनं सारा देश त्यांना ओळखायला लागला, ती मंत्री असताना घडली नाही. ती घडली १९९० साली, ते विरोधी बाकावरचे साधे आमदार असताना.

ती गोष्ट अशी. कॅनडाच्या राज्यघटनेत १९८२ साली आदिवासींचे असलेले हक्क मान्य केले. पण त्या हक्कांत काय काय येतं ते ठरवायला पंतप्रधान आणि प्रांतांचे मुख्यमंत्री आदिवासी पुढाऱ्यांबरोबर चार वेळा बसले. शेवटची बैठक मार्च १९८७ मध्ये झाली. आदिवासी म्हणत होते, आमच्या गावात आमचा कारभार हा आमचा मूळचा हक्क आहे, तो घटनेत लिहा. जमलं नाही. मोकळ्या हातानं परत पाठवलं. आणि महिना संपतो न संपतो तोच, ३० एप्रिलला, तेच पंतप्रधान आणि तेच मुख्यमंत्री मीच लेक नावाच्या तलावाकाठी बसले आणि घटना बदलायला तयार झाले. फ्रेंच बोलणाऱ्यांचा क्युबेक प्रांत वेगळा समाज आहे, हे घटनेत लिहायचं ठरलं. आदिवासींचं नावही त्यात नव्हतं. जे हजारो वर्षं तिथं राहतात त्यांच्यासाठी वेळ नाही, बाकीच्यांसाठी एका दिवसात करार. राग आला तो याचा.

एलिजाभाऊंचं म्हणणं स्पष्ट होतं, की आमचं क्युबेकच्या लोकांशी भांडण नाही. त्यांची भाषा टिकली पाहिजे. पण आम्हाला वगळून देशाचा कायदा लिहू नका.

या कराराला दहाही प्रांतांच्या विधानसभांची मंजुरी पाहिजे होती, तीही तीन वर्षांच्या आत. मुदत २३ जून १९९०. जून उजाडला तरी मॅनिटोबाची मंजुरी बाकी होती. मुख्यमंत्री गॅरी फिल्मन आणि विरोधी पक्षांचे नेते ओटावाला गेले. आठवडाभर बैठका झाल्या आणि तिघंही तयार झाले. त्यात एलिजाभाऊंच्या पक्षाचा नेताही होता.

उरलेले दिवस थोडे. विधानसभेचा नियम असा, की ठराव मांडायचा तर आधी सूचना द्यायची आणि दोन दिवस थांबायचं. थांबायचं नसेल तर सगळ्या आमदारांची संमती पाहिजे. एकानंही नाही म्हटलं तर संमती नाही. सभागृहात आमदार ५७. १२ जूनला मुख्यमंत्र्यांनी संमती मागितली. एलिजाभाऊ हातात गरुडाचं पीस धरून बसले होते. त्यांच्या समाजात ते पवित्र. ते म्हणाले, ‘नाही, अध्यक्षमहाराज.’ आवाज चढवला नाही, टेबल बडवलं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, पुन्हा नाही.

ठराव अखेर मांडला गेला, पण वेळ निघून गेला होता. मॅनिटोबाच्या नियमाप्रमाणे त्यावर लोकांचं म्हणणंही ऐकायचं होतं आणि बोलण्यासाठी हजारो माणसांनी नावं दिली होती. २२ जूनला, मुदतीच्या आदल्या दिवशी, सभागृहाची वेळ वाढवायची होती. त्यालाही सगळ्यांची संमती लागत होती. एलिजाभाऊंनी शेवटचं नाही म्हटलं. न्यूफाउंडलँड प्रांतानंही मग मतदान घेतलं नाही. करार संपला.

आता इथं थांबा. ही गोष्ट ऐकून आमच्यातला एक जण म्हणाला, असा एक वाघ आमदार आपल्याला मिळाला पाहिजे. आम्ही म्हणतो, ही गोष्ट चुकीची ऐकली. एकटा वाघ नव्हता तो. सगळे त्या पिसाचा फोटो बघतात. पिसाच्या मागे काय होतं ते बघू.

पहिलं, मॅनिटोबाच्या आदिवासी मुखियांची एक संघटना होती. नाही म्हणायचं हे त्या मुखियांनी मिळून ठरवलं. एलिजाभाऊंनी ते सभागृहात उच्चारलं. निर्णय पक्षाच्या कचेरीत झाला नाही, गावांच्या माणसांत झाला. म्हणून पक्षाचा नेता तयार असतानाही ते नाही म्हणू शकले.

दुसरं, त्यांच्याबरोबर कायदा जाणणारी माणसं बसली होती. नियमाचं पुस्तक त्यांनी ओळीओळीनं वाचलं. दोन दिवसांचा नियम कुठे आहे, सगळ्यांची संमती कुठे लागते, हे शोधून काढलं. सरकारचाच नियम सरकारला दाखवला. आपल्यातले किती जण आमदाराला विचारतात, की सभागृहाचा नियम काय आहे?

तिसरं, ते आत बसले तेव्हा बाहेर विधानसभेच्या पायऱ्यांवर माणसं होती. उत्तरेतून, लांबलांबच्या गावांतून आलेली. ढोल वाजत होते, प्रार्थना चालू होत्या. आत बसलेल्याला तो ढोल ऐकू येत होता.

चौथं, पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांनी आपली माणसं विनिपेगला पाठवली. हा करार जाऊ द्या, मग तुमच्यासाठी आयोग नेमू, तुमच्या प्रश्नांवर बैठका घेऊ, असं देणं पुढे केलं. एकटा आमदार असता तर कदाचित बंद खोलीत बोलणं झालं असतं. पण बोलणं सगळ्या मुखियांशी करावं लागलं आणि मुखियांनी ते नाकारलं. का नाकारलं, ते समजायला त्याच उत्तरेतली धरणं बघा. वीज काढायला चर्चिल नदीचं पाणी वळवून नेल्सन नदीत सोडलं. साउथ इंडियन लेक नावाच्या तलावाची पातळी जवळजवळ तीन मीटर वाढली. माणसांना काठ सोडावा लागला, मासेमारी बिघडली. १९७७ साली पाच आदिवासी गावांशी पूरकरार झाला. राखीव जमिनीतला एक एकर बुडाला तर चार एकर देऊ, असं त्यात लिहिलं. वर्षांमागून वर्षं गेली, गावं मागतच राहिली. नर्मदेकाठी मणिबेलीच्या माणसांना हे वेगळं समजवायची गरज नाही. ज्यांनी असे कागद पाहिले ते नुसत्या तोंडच्या शब्दावर हलत नाहीत.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही खोटी आशा वाटल्यासारखं होईल. त्या ‘नाही’नं एक एकरही जमीन परत मिळाली नाही. तीनच आठवड्यांनी, ११ जुलैला, क्युबेकमध्ये ओका गावाजवळ पोलीस मोहॉक आदिवासींवर चालून गेले. तिथल्या नगरपालिकेला गोल्फ नावाच्या खेळाचं मैदान वाढवायचं होतं. ते मोहॉकांच्या देवदारासारख्या झाडांच्या राईत आणि त्यांच्या स्मशानाला लागून होतं. मोहॉकांनी रस्ता अडवला होता. गोळीबार झाला, एक पोलीस मेला, पुढे लष्कर आणलं. ७८ दिवस तो वेढा चालला. मैदान वाढलं नाही, पण जमीनही मोहॉकांच्या नावावर झाली नाही. म्हणजे विधानसभेतलं ‘नाही’ कागद अडवतं. जमिनीवरची लढाई जमिनीवर उभ्या असलेल्यांनाच लढावी लागते.

मग मिळालं काय? मिळालं हे, की त्यांना वगळून बसायची सोय राहिली नाही. १९९१ मध्ये सरकारनं आदिवासींच्या प्रश्नांवर मोठा आयोग नेमला. १९९२ मध्ये घटना बदलायची पुन्हा बोलणी झाली, तेव्हा आदिवासी पुढारी मुख्यमंत्र्यांच्या रांगेत टेबलाशी बसले आणि स्वतःच्या कारभाराचा मूळ हक्क त्या मसुद्यात लिहिला गेला. देशभर मतदान झालं, त्यात तो मसुदा पडला. पण दारात उभं ठेवणाऱ्यांना खुर्ची द्यावी लागली. आणि गेल्या ऑक्टोबरात एलिजाभाऊ, या वेळी दुसऱ्या पक्षाकडून, ओटावाच्या संसदेत निवडून गेले. तिथं ते काय करतात ते त्यांची गावं बघतीलच.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार. त्यातले २२ आदिवासींसाठी राखीव जागांवरचे. तिकडे ५७ मध्ये एकानं देशाचा करार अडवला. आपले २२ आहेत. मग आपला आवाज का ऐकू येत नाही? आमचं उत्तर असं, की त्या २२ जणांना तिकीट पक्ष देतो, आणि आपण मत देऊन घरी जातो. पाच वर्षं त्यांना पक्षच विचारतो, आपण विचारत नाही. मागच्या वर्षी गेलो तेव्हाही आपण काय मागितलं? सही मागितली. त्यांनी सही दिली. चूक थोडी आपलीही आहे.

आमदाराच्या हातात सहीपेक्षा जास्त आहे. तो सभागृहात तारांकित प्रश्न विचारू शकतो, मग मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. लक्षवेधी सूचना देऊ शकतो. घटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे राज्यात आदिवासींसाठी एक सल्लागार परिषद असते. तिच्यात वीसपर्यंत सभासद, आणि त्यातले पाऊण आदिवासी आमदार. त्याच अनुसूचीत राज्यपालांना अधिकार आहे, की एखादा कायदा आदिवासी भागात लागू करायचा नाही किंवा बदलून लागू करायचा, असं ते जाहीर करू शकतात. हे आपल्या घटनेत १९५० पासून लिहिलेलं आहे. आपल्या किती पाड्यांवर हे कोणी सांगितलं? आम्ही बारावी झालो, आम्हालाही शाळेत कोणी सांगितलं नाही.

आणि आपलं मागणं तर सरकारच्याच कागदात आहे. ३१ मार्च १९७८ च्या आधीपासून खेडलेली वनजमीन नियमित करायची, हा निर्णय महाराष्ट्र सरकारनंच केला. १९८० चा केंद्राचा वन कायदा आला आणि फायली अडकल्या. आपल्या म्हाताऱ्यांकडे १९७८ च्या आधीच्या दंडाच्या पावत्या आहेत. तेव्हा ती शिक्षा होती, आज तोच पुरावा आहे. त्या पावत्या उंदरांना खाऊ देऊ नका.

म्हणून तरुणांच्या वतीनं आम्ही हे मांडतो. फेब्रुवारी संपायच्या आत प्रत्येक गावानं बैठक घ्यावी, त्यात बायका असल्याच पाहिजेत. कोण किती जमीन कधीपासून खेडतो, याची यादी करावी. पावतीचा नंबर आणि तारीख लिहावी. पावती नसेल तर शेजारच्या म्हाताऱ्यांची साक्ष लिहावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या घरी आम्ही येऊ. मग सगळ्या गावांनी मिळून एकच प्रश्न ठरवावा, जो मार्चच्या अधिवेशनात आमदारानं विचारायचा. दहा नाही, एक. १९७८ च्या आधीची किती प्रकरणं आमच्या तालुक्यात पडून आहेत आणि कोणाच्या टेबलावर?

आणि या वेळी आपण आमदारांकडे सही मागायला जायचं नाही. त्यांना गावात बोलवायचं, सगळ्यांच्या समोर तो प्रश्न हातात द्यायचा आणि विचारायचं, विचारणार का? हो म्हणाले तर आपण त्यांच्या मागे उभे राहू. अधिवेशनाच्या दिवशी मुंबईला जाऊ, बाहेर ढोल वाजवू, म्हणजे आत बसलेल्याला कळेल की तो एकटा नाही. नाही म्हणाले, किंवा हो म्हणून गप्प बसले, तर तेही याच पत्रिकेत छापू, आणि पुढच्या वर्षी मतपेटीसमोर आपल्याला ते आठवेल.

काल मतच द्यायचं नाही म्हणणाऱ्या साथींना आम्ही सांगतो, तुमचा राग खरा आहे. पण खुर्ची रिकामी राहत नाही, तिच्यावर दुसऱ्याचा माणूस बसतो. आणि हात जोडायला निघालेल्या साथींना सांगतो, आमदार देव नाही. तो गावानं कामाला लावलेला माणूस आहे. काम नेमून दिलं नाही, तर तो दुसऱ्याचं काम करतो.

आता आम्ही बसतो. कोणाला आमचं चुकलं वाटत असेल तर उठून बोला, रात्र मोठी आहे. आणि जाण्याआधी प्रत्येक गावानं बैठकीची तारीख या वहीत लिहून जा.

जंगल-जमीन आमच्या हक्काची! आमु आखा एक से! जिंदाबाद!